शिडी कोणाकडे आहे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात या सदरात मी सहज दोन ओळी लिहून गेले होते, की आपल्या गल्लीत काय काय नाही ते सगळ्यांना तोंडपाठ असतं पण शिडी कोणाकडे आहे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका.

ताई, आमच्या सोसायटीत दोन महिन्यांत तीन चोऱ्या झाल्या. मीटिंग म्हणजे नुसता आरडाओरडा, अर्धे म्हणतात कॅमेरे लावा, अर्धे म्हणतात वॉचमन बदला. मी म्हटलं आधी आपल्या वस्तीत काय काय चांगलं आहे त्याचा नकाशा काढू, तर सगळे हसले. एक जण म्हणाला, नकाशा बघून चोर पळणार आहे का? मला काही सुचलंच नाही. काय बोलायला हवं होतं? — मीटिंगमध्ये एकटी पडलेली

हसले ना? हसू देत. मी पहिल्यांदा बोलले होते तेव्हा पण हसलेच होते, आणि त्यातलेच दोघं नंतर घरोघरी वही घेऊन फिरत होते.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा काय करतो, कोण येऊन गेलं ते नंतर दाखवतो. जिन्यात कोणीतरी भलतंच कुलूप खटखटवतंय असं ऐकू आलं तर दार उघडून 'कोण पाहिजे?' असं विचारायला माणूसच लागतो, आणि तो माणूस दार तेव्हाच उघडतो जेव्हा त्याला खात्री असते की आपण आवाज दिला तर समोरचा पण बाहेर येईल. ही खात्री विकत मिळत नाही हो.

हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत शिकागो शहरात रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ लोकांना प्रश्न विचारले होते, १९९७ मध्ये तो अभ्यास छापून आला. प्रश्न अगदी साधे. शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी दिसली तर तुमचे शेजारी काही बोलतील का? घरासमोर मारामारी चालू झाली तर कोणी मध्ये पडेल का? इथल्या लोकांवर भरवसा टाकता येतो का? जिथे उत्तर 'हो' जास्त होतं तिथे हिंसाचार कमी होता, आणि वस्ती किती गरीब आहे वगैरे सगळं हिशोबात धरल्यावरही हा फरक उरत होता. म्हणजे गरिबीने फरक पडत नाही असं अजिबात नाही, पडतोच, पण शेजारपाजार कसा आहे याचं स्वतःचं वजन आहे.

आता तुमचा नकाशा. याची मूळ कल्पना जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या दोघांनी १९९३ मध्ये नीट मांडली, दोघंही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले. त्यांचं म्हणणं असं, की एकाच वस्तीचे दोन नकाशे काढता येतात. एकात चोऱ्या, बेकार पोरं, पडकी घरं, व्यसनं. दुसऱ्यात माणसांची कौशल्यं, लोकांनी आपणहून जमवलेले गट, शाळा-दवाखान्यासारख्या संस्था, मोकळ्या जागा, आणि आपसातली देवाणघेवाण. दोन्ही नकाशे खरेच. पण बाहेरून येणारा प्रत्येक जण पहिलाच नकाशा घेऊन येतो, आणि हळूहळू तिथे राहणाऱ्यांना पण तोच खरा वाटायला लागतो, की आपली वस्ती म्हणजे नुसता प्रॉब्लेम आणि आपल्याला कोणीतरी बाहेरून येऊन सोडवणार.

काढायचा कसा, तर कृपा करून फॉर्म छापू नका. फॉर्म बघितला की माणूस एकतर 'काही नाही' लिहितो नाहीतर आडनावाचं स्पेलिंग तपासत बसतो. आणि 'तुम्ही सोसायटीसाठी काय करू शकाल?' असं तर विचारूच नका, समोरच्याला वाटतं आता काहीतरी काम गळ्यात पडणार. मी काय विचारते सांगू का, 'लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात?' बस एवढंच. मग बघा कसं बाहेर येतं. एक जण म्हणतो माझ्याकडे कोणी काही विचारायला येत नाही, फक्त टाकीची मोटर बंद पडली की बोलावतात. झालं, मिळाला की माणूस! एका बाईंनी मला सांगितलं मी काय, घरीच असते दिवसभर, मला काय येतं. दहा मिनिटांनी बोलता बोलता कळलं की त्यांनी बारा वर्षं आजारी सासऱ्यांचं सगळं अंथरुणात केलंय, माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, उचलून खुर्चीत कसं बसवायचं हे त्यांना झोपेत पण येतं. त्या स्वतःला बिनकामाच्या समजत होत्या आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं.

आता चोऱ्यांपुरतं बोलायचं तर माणसांच्या यादीसोबत वेळेचा नकाशा काढा. म्हणजे काय, तर सकाळी सहा ते रात्री बारा, दर तासाला गेटवर, जिन्यात, पार्किंगमध्ये कोणाची नजर असते ते लिहायचं. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो तिथल्या लोकांच्या येता-जाता पडणाऱ्या नजरेमुळे. आम्ही हे केलं तेव्हा दुपारी दोन ते चार असा एक मोठा खड्डा निघाला, त्या वेळेत मागच्या बाजूला चिटपाखरू नसायचं. उपाय काय केला तर पुढच्या बाजूचं बाकडं उचलून मागे झाडाखाली नेलं. तीन आज्या दुपारी झोपत नव्हत्या, त्या तिथे जाऊन बसायला लागल्या. बस. त्यांना कोणी ड्यूटी लावली नाही, लावली असती तर दुसऱ्या दिवसापासून आल्या नसत्या.

आणि शेजारी पडीक प्लॉट असेल तर तो पण नकाशावर जमेच्या बाजूला लिहा, खरंच सांगते. फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक जागा घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून काही ठिकाणी कचरा काढला, गवत आणि थोडी झाडं लावली, कमरेएवढं लाकडी कुंपण घातलं, काही जागा नुसत्या साफ केल्या आणि काही तशाच सोडल्या. २०१८ मध्ये निकाल आला, सगळ्यात गरीब वस्त्यांमध्ये साफ केलेल्या जागांच्या आसपास बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडे तोच प्लॉट 'समस्या क्रमांक चार' म्हणून मीटिंगच्या मिनिट्समध्ये वर्षानुवर्षं पडून असतो.

तर पुढच्या मीटिंगला हसणाऱ्याला म्हणावं, चोर नकाशा बघून नाही पळणार, पण नकाशा काढायला तुम्ही चाळीस दारं वाजवलेली असतील ना, त्याने पळेल कदाचित.

आमची गल्ली सखल भागात आहे. एका रात्री दोन तासांत कमरेएवढं पाणी भरलं, फोन लागेनात, मदत यायला पहाट झाली. कोणाचं काही बरंवाईट झालं नाही हे नशीब. पण त्या रात्री कळलं की आम्हाला एकमेकांबद्दल काहीच माहिती नाही, मागच्या घरातल्या बाळंतिणीला कोणी बाहेर काढलं ते पण दुसऱ्या दिवशी समजलं. पुढच्या पावसाआधी काय तयारी करावी? — कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो तो

दादा, मदतवाल्यांना मी दोष देत नाही. मोठी आपत्ती आली की सगळीकडून एकदम फोन जातात आणि गाड्या मोजक्याच असतात, हे जगात कुठेही तसंच. त्यामुळे पहिले काही तास जे काय करायचं ते आजूबाजूचेच करतात. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला पहाटे पावणेसहाला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर आलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी नाहीतर शेजाऱ्यांनीच काढलं होतं. त्यातलं होकुदान नावाचं एक गाव, भूकंपाच्या केंद्राजवळचं, तिथलं फार सांगितलं जातं, की कुठल्या घरातली म्हातारी माणसं कुठल्या खोलीत झोपतात हे सुद्धा गावात माहीत होतं, त्यामुळे कुठे खणायचं हे शोधण्यात वेळच गेला नाही. विचार करा, पहाटेची वेळ, घर जमीनदोस्त, आणि कोणीतरी येऊन बरोबर तुमच्या अंथरुणाच्या जागेवर खणायला सुरुवात करतो. तुमच्या शेजाऱ्याला माहिती आहे का तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात यासाठी एक पद्धत बसवलीय, तिचं नावच 'आपली वस्ती नकाशावर मांडा' अशा अर्थाचं आहे. मला ती आवडते कारण ती लहान आहे. पंधरा-वीस घरं, एक बैठक, दीड तास. गॅस कुठे बंद करायचा, पाणी कुठे तोडायचं, कोणाकडे काय सामान आणि काय कसब आहे, कोणाला हात द्यावा लागेल, सगळ्यांनी जमायचं कुठे. आणि एक फार साधी गोष्ट, प्रत्येक घरात एक कार्ड, एका बाजूला 'ठीक आहोत', दुसऱ्या बाजूला 'मदत हवी', ते खिडकीत लावायचं. ज्या खिडकीत 'मदत हवी' आहे तिथे जायचंच, पण ज्या खिडकीत काहीच नाही तिथे पण जायचं, कारण कार्ड लावायला सुद्धा कोणी उठू शकलेलं नसेल. बाकी पद्धत विसरलात तरी चालेल पण हे लक्षात ठेवा.

पंधरा-वीस घरं का, तर तेवढीच माणसं डोक्यात राहतात. गल्लीत ऐंशी घरं असतील तर चार नकाशे करा, एक मोठा करू नका. मोठा केला की तो एका माणसाच्या कॉम्प्युटरवर जातो आणि तो माणूस गावाला जातो.

तुमच्या पाण्यासाठी मी काय काय लिहीन ते सांगते, सुचेल तसं. आधी त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येक भिंतीवर रंगाने आखा, आठवण ताजी आहे तोवर. माणसाची आठवण फार लवकर सुकते, दोन वर्षांनी लोक पैजा लावतात की एवढं नव्हतंच. मग वरचा मजला कोणाचा आहे आणि रात्री दोन वाजता दहा माणसं आली तर दार उघडेल का, हे तोंडावर विचारून ठेवा. दोर, शिडी, मोठी टॉर्च, गाडीची जुनी ट्यूब, कोणाकडे. पोहता कोणाला येतं, आणि नुसतं पोहता येतं का दुसऱ्याला ओढून आणता येतं, हा फरक मोठा आहे. मेन स्विच कुठला आणि तो हात कोरडे असताना, पाणी चढायच्या आधी कोण पाडणार. उघडी चेंबरं आणि गटारं कुठे आहेत, कारण पाण्याखाली ती दिसत नाहीत आणि माणूस त्यातच जातो. फ्रीजमध्ये इन्सुलिन कोणाचं आहे, विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन कोणाकडे आहे, वीज गेली की त्यांचं घड्याळ सुरू होतं. दुसऱ्याच्या घराची किल्ली कोण सांभाळतं. आणि बाळंतीण, नवव्या महिन्यातली बाई, प्लास्टरमधला पाय, हे दर दोन-तीन महिन्यांनी बदलत राहतं म्हणून ते पेन्सिलीने लिहायचं.

हे सगळं कागदावर, प्लास्टिकमध्ये घालून, प्रत्येक घरात दाराच्या मागे. फोनमध्ये पण ठेवा पण फोनच्या भरवशावर राहू नका, तुमचा लागत नव्हता ना त्या रात्री. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे घालवून सगळे मिळून चालून बघा. आमच्या रात्रीच्या फेरीत समजलं की जमायची जागा म्हणून ठरवलेल्या मैदानाचं गेट साडेनऊला कुलूपबंद होतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ना, इथे विहीर होती, कुलूप होतं.

यासाठी चांगलं ॲप कुठलं? — टेक्नोसॅव्ही

ॲपने सुरुवात करू नका. मोठा कागद, स्केचपेन, आणि चार माणसं जमिनीवर बसलेली. कागदावर सगळ्यांचा हात एकदम चालतो, स्क्रीनवर एकाचाच चालतो आणि बाकीचे मागून 'अरे ते डावीकडे घे' करत राहतात. नंतर ज्या गोष्टी जगजाहीर असायला हरकत नाही, म्हणजे रस्ते, हातपंप, दवाखाना, मोकळं मैदान, त्या ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या इंटरनेटवरच्या नकाशावर चढवा, ते २००४ पासून चालू आहे, फुकट आहे, कोणीही भर घालू शकतो. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या लोकांनी घरी बसून सॅटेलाइटचे फोटो बघत तिथले रस्ते त्यावर भराभर काढले आणि बचाव पथकांनी ते वापरले. पण माणसांची नावं, आजारपणं, फोन नंबर यातलं काहीही तिथे टाकायचं नाही, एक अक्षर नाही.

ताई, माझं वय ७४, पत्नी गेल्यापासून एकटाच राहतो. आमच्याकडे उत्साही तरुणांनी असाच नकाशा केला आणि माझ्या घरावर लाल टिकली चिकटवली. 'मदत लागणारे.' मी चाळीस वर्षं इलेक्ट्रिकची कामं केली आहेत, या इमारतीचं निम्मं वायरिंग माझ्या हातचं आहे. मला त्या टिकलीचा फार राग आला. मी चुकतोय का? — लाल टिकली

काका, तुम्ही अजिबात चुकत नाही. चूक त्या पोरांची आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या नकाशाला माझी पण झाली होती हीच चूक, मी पण रंगीत टिकल्याच आणल्या होत्या. हिरवी टिकली मदत करणारे, लाल टिकली मदत लागणारे. दिसायला काय सुंदर दिसतं! आणि एका फटक्यात तुम्ही वस्तीची देणारे आणि घेणारे अशी वाटणी करून टाकता, मग हिरवे लोक लाल लोकांकडे दयेने बघायला लागतात आणि लाल लोक दार लावून घेतात.

आता मी प्रत्येक घरापुढे दोन रकाने ठेवते आणि कुठलाच रकाना रिकामा सोडायला परवानगी नाही. पंचविशीतल्या धडधाकट पोराने पण 'मला काय लागेल' मध्ये काहीतरी लिहायचंच. एकाने लिहिलं, रात्रपाळी असते, दिवसा मेल्यासारखा झोपतो, आग लागली तरी उठणार नाही, कोणीतरी दार तोडा. बघा, हे किती कामाचं आहे. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाने पण 'मी काय देऊ शकतो' मध्ये लिहायचं. आमच्याकडच्या एक आजी चालू शकत नाहीत पण खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो त्यांना आणि फोन उत्तम चालवतात, त्यांच्याकडे सगळ्यांचे नंबर दिलेत, गडबड झाली की त्या एकेकाला फोन लावत सुटतात.

पण काका, आता थोडं तुमच्या विरुद्ध पण बोलते, राग मानू नका. एकटं राहणं ही जोखीम आहेच, टिकली आवडो न आवडो. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत भयंकर उष्णतेची लाट आली होती, नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली, त्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. एरिक क्लिननबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटी म्हातारी माणसं बरीच, ऊन दोन्हीकडे तेच. तरी पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट! फरक काय होता, तर दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, फुटपाथवर माणसं होती, म्हातारा माणूस पाय मोकळे करायला बाहेर पडत होता आणि दोन दिवस दिसला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येत होतं. पहिल्या वस्तीतून धंदे आणि माणसं निघून गेलेली, रस्ते ओस, भीतीपोटी लोक खिडक्या लावून आत बसलेले.

म्हणून त्या पोरांना बोलवा, लाल टिकली काढायला लावा, आणि त्या जागी लिहायला लावा, 'मेन लाइनचं सगळं यांना माहीत. रोज सकाळी आठला गॅलरीत दिसतात. नाही दिसले तर बेल वाजवा.' आणि दोघा-तिघांना तुमचं वायरिंग कुठून कुठे गेलंय ते चालून दाखवा एकदा. ते तुमच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही, हे त्या इमारतीच्या दृष्टीने जरा काळजीचंच आहे की नाही?

आमच्याकडे कोण एकटं राहतं, कोण किती वाजता घरी येतं, कोणाकडे काय आहे, अशी सगळी एक्सेल शीट बनवून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. मी आणि माझी मैत्रीण भाड्याने राहतो, आम्हाला कोणी विचारलंही नाही. शिवाय त्याच ग्रुपवर आता 'हा अनोळखी माणूस कोण' म्हणून कोणाचेही फोटो टाकतात, परवा कुरिअरवाल्या मुलाला घेरून अर्धा तास उभं केलं. हीच का सुरक्षितता? — भाडेकरू

नाही. आधी ती शीट आजच्या आज डिलीट करायला सांगा, आणि नुसती ग्रुपवरून नाही, ज्यांनी उतरवून घेतली त्यांना पण. कोण एकटं राहतं आणि कधी घरी नसतं याची यादी म्हणजे चोराला घरबसल्या दिलेलं आमंत्रण आहे, आणि चोरापेक्षा वाईट माणसं पण असतात. एखादी बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहत असेल तर तिचं नाव अशा यादीत येणं म्हणजे काय होईल, याचा विचार कोणी केला नसणार.

माझे नियम कडक आहेत. ज्याचं त्याने सांगायचं, दुसऱ्याने दुसऱ्याबद्दल नाही. नको म्हटलं की विषय संपला, का ते विचारायचं नाही. आजारपणासारखी माहिती फक्त त्या पंधरा-वीस घरांपुरती, आणि त्यातही समोरचा म्हणेल त्याच दोघांना. कौशल्यं आणि सामान सगळ्यांना कळलं तर चालतं, 'कोणाला काय लागेल' ते बंद पाकिटात. वर्षाने परत विचारायचं, जुने कागद फाडायचे.

आणि तुम्हाला विचारलं नाही ते भाडेकरू म्हणून, हे मला दिसतंय. भाडेकरू, घरकामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, सफाईवाले, यांना नकाशातून वगळणारे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. रोज पाच घरांत जाणाऱ्या बाईला जेवढं कळतं तेवढं चेअरमनला कळत नाही, कुठल्या घरात आजोबा जिन्यात अडखळायला लागलेत हे तिला आधी कळतं.

कुरिअरवाल्या मुलाचं वाचून तर मला फार वाईट वाटलं. हा ताकदीचा नकाशा नव्हे, हा संशयाचा नकाशा आहे, आणि त्यात नेहमी तोच अडकतो ज्याचे कपडे किंवा चेहरा तिथल्या लोकांना 'आपला' वाटत नाही. नजर असावी, पण ती वागण्यावर असावी. कोणी दाराशी कुलपाशी खेळतंय हे वागणं झालं, कोणी गेटजवळ उभा आहे हे वागणं नाही. आणि शंका आलीच तर 'कोण पाहिजे, मी मदत करू का?' एवढं विचारायचं. खरंच कोणाला शोधणारा असेल तर त्याला घर सापडतं, आणि नसेल तर त्याला कळतं की इथे विचारणारं कोणीतरी आहे. ग्रुपवर फोटो टाकून तिसरं काहीच मिळत नाही.

हे सगळं ऐकायला छान वाटतं पण मला यात एक गोम दिसते. नाला साफ करायचा नाही, दिवे लावायचे नाहीत, आणि लोकांना म्हणायचं तुमच्यातच केवढी ताकद आहे बघा! जबाबदारी झटकायची ही सोपी युक्ती नाही का? — जुना कार्यकर्ता

आहे. म्हणजे तशी वापरली जाऊ शकते आणि वापरली जाते पण. या कल्पनेवर जगभर हीच टीका झालीय आणि ती मला पटते. वीस घरांनी मिळून म्हातारीला वर नेता येतं, वीस घरांनी मिळून नाला रुंद करता येत नाही.

पण तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त असेल, तुम्हीच सांगा, अर्ज घेऊन गेलेला एकटा माणूस आणि नकाशा घेऊन गेलेली पन्नास माणसं, साहेब कोणासमोर खुर्चीतून उठतो? कराचीत ओरंगी नावाची प्रचंड मोठी वस्ती आहे, तिथे १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या वर्गणीतून घरातली शौचालयं आणि गल्लीतली गटारलाइन टाकली, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की मोठे नाले आणि शेवटची मुख्य लाइन हे सरकारचंच काम. घरातलं आमचं, बाहेरचं तुमचं. पुढे तिथल्याच तरुणांनी गल्ल्या आणि नाले मोजून नकाशे केले, आणि ते नकाशे सरकारी कचेरीत असलेल्या कागदांपेक्षा चांगले निघाले. मग बोलणी कोणत्या जोरावर झाली ते वेगळं सांगायला नको.

म्हणून माझ्या नकाशात शेवटी एक रकाना असतो, 'हे आमच्याने होणार नाही'. त्यात लिहायचं ते नेमकं, कुठला खांब, कुठलं चेंबर, किती फूट. त्या रकान्याची झेरॉक्स काढून वर पाठवायची, सह्यांसकट. तुमच्यासारख्या माणसाने तो रकाना सांभाळावा असं मला वाटतं, इतर कोणाला ते चिकाटीने जमत नाही.

मी नववीत आहे. मला आणि माझ्या मित्रांना असा नकाशा काढायचाय पण मोठे लोक आम्हाला सिरियसली घेत नाहीत. आम्ही काढला तर चालेल का? — नववी ब

अरे चालेल काय, धावेल! नैरोबीत किबेरा म्हणून खूप मोठी झोपडवस्ती आहे, नकाशावर ती जागा नुसती रिकामी दिसायची, जणू तिथे कोणी राहतच नाही. २००९ मध्ये तिथल्याच तरुण पोरापोरींनी हातात जीपीएस घेऊन गल्लीबोळ फिरून तो नकाशा भरला, नळ, शाळा, दवाखाने, अंधाऱ्या धोक्याच्या जागा, सगळं. तुझ्यापेक्षा थोडे मोठे असतील, पण फार नाही.

तुम्हाला अशा गोष्टी माहीत असतात ज्या मोठ्यांना नसतात. भिंतीला कुठे भगदाड आहे, गच्चीचं दार धक्का मारल्यावर कसं उघडतं, कुठल्या जिन्यात लाइट जाते, कुठल्या कोपऱ्यावरून जाताना मुली पाय उचलून चालतात. ही शेवटची गोष्ट मुलींनाच विचार, स्वतःच्या मनाने लिहू नकोस. एकट्याने फिरू नका, चौघांनी मिळून जा, घरात आत जायचं नाही, दारातच बोलायचं, आणि निघताना घरी सांगून निघायचं. आणि वर 'भाडेकरू'ला जे नियम लिहिलेत ते तुम्हाला पण लागू, कोणाचा फोटो काढायचा नाही.

सुरुवात कुत्र्यांपासून करा. हसू नकोस. कुठल्या घरात कुत्रा आहे, त्याचं नाव काय, तो नाव घेतल्यावर शांत होतो का, हे सगळं तुम्हा पोरांनाच माहीत असतं, आणि रात्री पाणी भरलं असताना ते गेट उघडायची वेळ आली तर मोठ्यांना पहिल्यांदा तेच लागणार आहे.